सहा वर्षांच्या मुलीला मोर्चाला न्यावं का?

टेकडीवाली
नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचते आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय, सांभाळून घ्या.

आम्ही कोथरूडला राहतो, टेकडीच्या अगदी पायथ्याशी. येत्या रविवारी सकाळी साडेसातला टेकडीसाठी, म्हणजे टेकडीतून काढायच्या रस्त्याच्या आणि बोगद्याच्या विरोधात, शांततेत पदयात्रा आहे, पोलीस परवानगी वगैरे घेतलेली. मी जाणारच आहे. प्रश्न मुलांचा. मोठी सहा वर्षांची, धाकटा अडीच. सोसायटीच्या ग्रुपवरचा मेसेज मी नवऱ्याला वाचून दाखवत होते तो मोठीनं ऐकला आणि तेव्हापासून मागे लागलीये, मोर्चा म्हणजे काय, मला पण यायचंय. काल दुपारी वेफर्सच्या खोक्याचा पुठ्ठा कापून बोर्डसुद्धा केलाय. "टेकडि वाचवा. मोर पण." असं लिहिलंय आणि खाली एक मोर आहे जो कोंबडीसारखा दिसतो.

नवरा म्हणतो टेकडीवर एरवी जातोच की, गर्दीत कशाला न्यायचं. सासूबाईंचं म्हणणं, मोर्चे ही पोराटोरांची कामं नव्हेत. मला स्वतःला न्यावंसं वाटतंय पण खात्री नाही. तुमच्यापैकी कोणी एवढ्या लहान मुलांना नेलंय का? आधी काय सांगितलंत? नंतर काय झालं? आणि हे आपण मुलांसाठी करतो की आपल्याला बरं वाटावं म्हणून, हा प्रश्न रात्रीपासून डोक्यात आहे.

चकली_कडक
न्या की. टोपी, पाणी, खाऊ. झालं. पुण्यातला मोर्चा शेवटी मिसळीपाशीच संपतो. (हलके घ्या)

खडूस_काका
स्पष्ट लिहितो, राग मानू नका. सहा वर्षांच्या मुलीला विकास आराखडा कळतो का? बोगदा कळतो? नाही ना. मग ती तिथे तुमचं मत हातात धरून उभी राहणार. उद्या शेजारच्यांनी त्यांच्या पोराच्या हातात "रस्ता झालाच पाहिजे" दिलं तर तुम्हाला चालेल? लॉ कॉलेज रोडला रोज पाऊण तास अडकणारे पण माणसंच आहेत, त्यांच्याही घरी मुलं वाट बघत असतात. आणि खरं सांगू का, निम्मे लोक मुलं आणतात ती फोटोसाठी. दुसऱ्या दिवशी पेपरात गोंडस फोटो. मुलांना मुलं राहू द्या.

पेठेबाहेरचा_सदाशिव
काका, मुद्दा चांगलाय पण आपण मुलांना देवळात नेतो, लग्नात नेतो, गणपतीच्या मिरवणुकीत रात्री एकला खांद्यावर बसवून नेतो, तिथे तरी त्यांना काय कळतं? मुंज लावताना बटूचं मत घेतलं होतं का कोणी?

बाकी "टेकडि"ला दुसरी वेलांटी हवी. मोर्चा पुण्यात आहे, बोर्ड वेळीच दुरुस्त करून घ्या, नाहीतर मूळ मागणी राहील बाजूला.

टेकडीवाली
@सदाशिव सांगितलं तिला. स्केचपेन संपलंय म्हणाली.

गोरेगावची_माई
मी आता साठीत आहे, माझं सांगते. १९७२ चा दुष्काळ, त्यानंतरची ती महागाई. तेल नाही, रवा नाही, रॉकेल नाही. मुंबईत महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती निघाली, मृणालताई गोरे, अहिल्याताई रांगणेकर, आणि बायका लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या. मी सात वर्षांची. आईनं मला नेलं ते काही संस्कार म्हणून वगैरे नाही हो, घरी ठेवायला कोणी नव्हतं म्हणून नेलं. चाळीतल्या सगळ्याच बायकांची तीच गत, कडेवर एक आणि हाताला एक.

आईकडे पोळ्यांचं लाटणं, माझ्याकडे पापडाचं छोटं. ताटलीवर बडवायचं. थोड्या वेळानं हात भरून आला, पण थांबले नाही, कारण एरवी घरात ताटली वाजवली की धपाटा मिळायचा आणि इथे आईच सांगत होती वाजव. भाषणं काय झाली आठवत नाही. पण खडूस_काका विचारतात ना काय कळतं, तर रॉकेल कळत होतं. डबा घेऊन रांगेत मीच उभी राहायचे. दीड दीड तास. नंबर आला की दुकानदार फळी टाकायचा. तेव्हा माझा राग आईचा उसना नव्हता, माझा स्वतःचा होता.

तेव्हा तुमची मुलगी टेकडीवर जाते का, तिचं तिथे काही आहे का, एवढं बघा.

चकली_कडक
माई, दंडवत. पापडाचं लाटणं __/\__

नंदुरबारी
आमच्याकडे हा प्रश्न कोणी विचारतच नाही, कारण गावात चौकात पुतळाच शाळकरी पोराचा आहे. ९ सप्टेंबर १९४२, शिरीषकुमार मेहता, वय पंधरा. मुलांची मिरवणूक, हातात झेंडा, "नहीं नमशे, नहीं नमशे, निशाण भूमी भारतनुं". पोलिसांनी गोळ्या घातल्या. त्याच्यासोबत आणखी चौघं गेली: लालदास, धनसुखलाल, शशिधर, घनश्यामदास. आम्हाला शाळेत ही नावं पाढ्यासारखी पाठ. दर ९ सप्टेंबरला स्मारकावर रांगेनं जायचो, फुलं वाहायचो, चिक्की मिळायची.

पण गंमत बघा, त्याच शाळेतल्या मोठ्या पोरांनी एकदा एसटी वेळेवर येत नाही म्हणून स्टँडवर शांतपणे बसायचं ठरवलं तर गुरुजींनी घरी निरोप धाडले. १९४२ चं आंदोलन चालतं, यंदाचं नाही चालत.

खडूस_काका
@नंदुरबारी तो पंधरा वर्षांचा होता, स्वतःच्या मनानं गेला होता. ही सहा वर्षांची आहे. आणि तिथे गोळीबार झाला हे तर माझ्याच बाजूचं उदाहरण झालं.

लेकुरवाळा
तात्त्विक चर्चा चालू द्या, मी व्यवहाराचं लिहितो. दोन मुलांना घेऊन चार-पाच वेळा गेलोय. एप्रिल २०२३ मधे वेताळ टेकडीसाठी जो मोठा मोर्चा निघाला होता, बालभारती-पौड फाटा रस्त्याच्या विरोधात, त्यालाही होतो.

मधे शिरू नका, कडेनं चाला आणि शक्यतो शेवटच्या टोकाला, तिथे गर्दी पातळ असते आणि गल्लीत सटकता येतं. ढोल असेल तर त्याच्यापासून लांब. मुलाच्या दंडावर पेननं तुमचा मोबाईल नंबर लिहा, तळहातावर नको, घामानं जातो (गेला होता). हरवलास तर कुठे थांबायचं ते आधी दाखवून ठेवा, "त्या चहावाल्यापाशी" असं. मुलाचा चेहरा दिसेल असा फोटो काढू द्यायचा नाही हे मी सरळ सांगतो, बहुतेक लोक ऐकतात. शू करून निघा. परत सांगतो, शू करून निघा.

आणि चाळीस मिनिटं. त्यापुढे कुठलंही मूल कुठल्याही तत्त्वासाठी चालत नाही. कोणी धक्काबुक्की सुरू केली, नुसता आवाज चढला तरी निघायचं, "बघू काय होतंय" नाही करायचं. अडीच वर्षांचा मात्र घरी ठेवा, त्याला कडेवर घेऊन तुम्हालाच मोर्चा दिसणार नाही.

अर्धवट_वकील
थोडं कायद्याचं. शांततेनं, विनाशस्त्र एकत्र जमण्याचा हक्क राज्यघटनेच्या कलम १९(१)(ख) मधे आहे. बालहक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारात कलम १५ मुलांनाही हा हक्क देतं, भारतानं तो करार १९९२ मधे स्वीकारलाय. म्हणजे नेणं बेकायदा नाही.

पण दुसरी बाजूही आहे. २०२० मधे शाहीन बागच्या आंदोलनात थंडीत नेलेलं चार महिन्यांचं बाळ नंतर घरी दगावलं, मुंबईतल्या एका शाळकरी मुलीनं सरन्यायाधीशांना पत्र लिहिलं आणि सर्वोच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली, चार महिन्यांचं मूल आंदोलनात कसं काय भाग घेतं असं विचारलं. तेव्हा तिथल्या आयांची बाजूही कोर्टात मांडली गेली. २०२२ मधे मुंबईतल्या आरेच्या आंदोलनात (मेट्रो कारशेडसाठी झाडं तोडण्याच्या विरोधातलं) मुलं दिसली म्हणून राष्ट्रीय बालहक्क आयोगानं मुंबई पोलिसांना पत्र पाठवलं होतं. आणि निवडणूक प्रचारात मुलं वापरायला निवडणूक आयोगानं फेब्रुवारी २०२४ मधे पक्षांना साफ मनाई केली. तेव्हा कुठल्या पक्षाचा झेंडा दिसला तर मुलीला घेऊन बाजूला व्हा. जमावबंदीचा आदेश नाही ना तेवढं आदल्या रात्री बघून घ्या, पूर्वीचं १४४, आता त्याला १६३ म्हणतात.

पेठेबाहेरचा_सदाशिव
नाव अर्धवट पण प्रतिसाद पूर्ण.

पिंपळपान
मी आरेचं लिहिणार नव्हते पण वरती विषय निघालाच.

माझा मुलगा २०१९ मधे सात वर्षांचा होता. आम्ही दर रविवारी जायचो, मानवी साखळी असायची, मुलं झाडांना मिठ्या मारायची, चित्रं काढायची. त्यानं एक झाड ठरवून घेतलं होतं, त्याच्या खोडावर गाठ होती म्हणून त्याचं नाव गुडघा. मी सुद्धा काय काय सांगून बसले, आपण सगळे मिळून म्हटलं की ऐकावंच लागतं वगैरे.

४ ऑक्टोबरला, शुक्रवारी, हायकोर्टानं याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री करवती सुरू झाल्या. व्हॉट्सॅपवर व्हिडिओ यायला लागले, नुसता आवाज, काळोखात. २९ जणांना अटक झाली. सोमवारी सुप्रीम कोर्टानं थांबवलं तोवर २१४१ झाडं गेली होती. मला आजही तो आकडा बघावा लागत नाही.

मुलाला दोन दिवस सांगितलंच नाही. मग शाळेतून कळलं त्याला. घरी येऊन बूट न काढता उभा राहिला आणि म्हणाला, "आपण तर नीट म्हटलं होतं ना." ओरडून नाही, नीट. माझ्याकडे उत्तर नव्हतं. चूक माझी होती, मी मोर्चाचं मशीन करून सांगितलं होतं, वरून घोषणा टाकली की खालून झाड वाचून बाहेर. तसं नसतं हे मला माहीत होतं पण सहा-सात वर्षांच्या मुलाला सांगायला जड वाटलं.

टेकडीवाली, न्यायचं तर न्या, पण जिंकू असं सांगू नका. आपण सांगायला जातोय एवढंच सांगा.

बोगद्यातला_उंदीर
@पिंपळपान वाचून गलबललं. पण मी रोज अंधेरीहून बीकेसीला मेट्रो ३ नं जातो. ती सुरू होण्याआधी लोकलमधे दोनदा पडता पडता वाचलोय. कारशेड कुठेतरी लागणारच होती. हेही मुलाला सांगितलंत का?

पिंपळपान
@उंदीर हो. उशिरा, पण सांगितलं. आता आम्हीही त्याच मेट्रोनं जातो. २०२४ मधे सुरू झाल्यावर पहिल्यांदा बसलो तेव्हा आरे स्टेशन सोडून गाडी भुयारात शिरली तसा तो खिडकीला नाक लावून बसला, आणि तिथे काय दिसणार, भुयारात भिंतच दिसते. बारा वर्षांचा झाला होता. म्हणाला एसी भारी आहे. मग बऱ्याच वेळानं म्हणाला, गुडघा साधारण कुठे असेल गं. दोन्ही खरंच होतं.

घाटकोपर_पूर्व
किसान लाँग मार्चची आठवण लिहायलाच हवी. मार्च २०१८, नाशिकहून मुंबई, जवळजवळ १८० किलोमीटर पायी. ११ तारखेला रविवारी हायवेवरून लाल टोप्यांची रांग चाललेली, संपतच नव्हती. आमच्या सोसायटीनं पाणी, बिस्किटं, केळी वाटायला टेबल लावलं. धाकटी तेव्हा सात वर्षांची, तिच्याकडे बिस्किटांचं काम. ती काय बघत होती माहित्ये का, टोप्या नाही, झेंडे नाही, पाय. एका आज्जीच्या टाचेला चिंधी बांधलेली आणि चप्पल हातात. मुलीनं विचारलं, हातात का धरलीये, घाला ना. आज्जी म्हणाल्या, फोड आलेत बाय, चप्पल घातली की सोलतंय. मुलगी घरी पळाली आणि माझे नवेकोरे सँडल घेऊन आली, चार नंबर मोठे. हसल्या त्या. घेतले नाहीत, बिस्किटं घेतली.

आणि मोठ्याची त्या वर्षी दहावी. सोमवारी पेपर, सेंटर लांब, मोर्चामुळे रस्ते बंद पडले तर काय म्हणून आमचा जीव टांगणीला. सकाळी उठलो तर रस्ता मोकळा. हे लोक सायनच्या सोमय्या मैदानात जरा पाठ टेकून मध्यरात्रीनंतर परत उठले आणि रातोरात आझाद मैदानाला चालत गेले, दहावीच्या पोरांना त्रास नको म्हणून. मोठ्याला मी मोर्चा म्हणजे काय हे वेगळं सांगितलं नाही कधी.

@खडूस_काका तेव्हा मुलांना मोर्चात न्यायलाच हवं असं नाही, मोर्चा जाताना रस्त्याच्या कडेला उभं केलं तरी पुष्कळ.

खडूस_काका
@घाटकोपर_पूर्व हे पटलं. कडेला उभं राहणं पटलं.

झेडपीचा_मास्तर
मी जिल्हा परिषद शाळेत शिकवतो. हा धागा वाचून हसू येतंय. वरून पत्र आलं की दोन दिवसात फेरी काढावी लागते. मतदार जागृतीची, साक्षरतेची, स्वच्छतेची, झाडे लावाची. पहिलीची पोरं अनवाणी उन्हात गावभर घोषणा देत फिरतात, आम्ही फोटो काढून ग्रुपवर टाकतो, अहवाल पाठवतो. तेव्हा ह्यांना काय कळतं असं एकही माणूस विचारत नाही. प्रभातफेरी म्हणलं की संस्कार आणि मोर्चा म्हणलं की राजकारण.

एकदा हागणदारीमुक्तीची फेरी संपल्यावर तिसरीतल्या एका पोरीनं विचारलं, सर, आपल्या शाळेच्या संडासाला पाणी नाही त्याची फेरी कधी काढायची? मी म्हणलं वर्गात बस.

चकली_कडक
मास्तर 😂😂 "वर्गात बस" हे ब्रीदवाक्य करा.

सातपुड्याची
मास्तरांच्या त्या तिसरीतल्या मुलीसाठी: नर्मदा खोऱ्यात धरणविरोधी आंदोलनानं चालवलेल्या जीवनशाळांमधे घोषणाच होती, "जीवनशाळा की क्या है बात, लडाई पढाई साथ साथ". मी काही महिने शिकवायला होते तिथे. गावच बुडीतात जाणार त्या मुलांना आंदोलनापासून दूर ठेवायचं म्हणजे कुठे ठेवायचं? आपल्याला निवड आहे हेच मुळात आपलं नशीब.

मिलिंदनगर
@सातपुड्याची नेमकं. आमच्या घरात "न्यावं का" हा प्रश्न नव्हताच. आजोबा १९७९ च्या मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराच्या लाँग मार्चला होते, वडील लहानपणापासून सभांना, मी कडेवर असल्यापासून. विद्यापीठाचं नाव बदललं १४ जानेवारी १९९४ ला. आजोबांना ते बघायला मिळालं, म्हणून आमच्याकडे मोर्चा हा शब्द हरल्यासारखा वाटत नाही. पण ते पंधरा वर्षं होतं हो. चाळीस मिनिटं नव्हतं. (लेकुरवाळा, राग नको, यादी उपयोगाची आहे, कॉपी केली.)

लेकुरवाळा
राग कसला. शू मात्र तेव्हाही करूनच निघाले असतील.

क्रांती_चौक
मी ९ ऑगस्ट २०१६ ला औरंगाबादच्या पहिल्या मराठा मूक मोर्चाला आठ वर्षांच्या मुलीला नेलं होतं. लाखो माणसं आणि घोषणा नाही. चपलांचा आवाज येत होता फक्त. मुलीनं कानात विचारलं, बोलायचं का नाही? मी म्हटलं, दुःख झालंय म्हणून. कोणाला? तर आता कोपर्डीचं आठ वर्षांच्या मुलीला काय सांगणार. एका ताईला वाईट माणसांनी फार त्रास दिला, ती आता नाही, एवढं सांगितलं. त्यानंतर दोन महिने तिला रात्री दिवा चालू लागायचा. शांततेतला मोर्चा होता, कुणाचा धक्का लागला नाही, शेवटी मुलांनी रस्त्यावरच्या बाटल्यासुद्धा उचलल्या, तरी विषय जड होता आणि तो मी आधी धरला नाही. टेकडी हा विषय हलका आहे, न्या बिनधास्त.

मिलिंदनगर
@क्रांती_चौक तुमच्या मुलीचं वाचून वाईट वाटलं, खरंच. फक्त एक सांगतो, वाद नाही. त्याच मोर्चांमधे दलितांना संरक्षण देणाऱ्या ॲट्रॉसिटी कायद्यात बदल करण्याची मागणीपण होती. तेव्हा आमच्या वस्तीतल्या मुलांना आम्ही खिडक्या लावून घरात बसवलं होतं, शांत आहे माहीत असूनसुद्धा. एकच मोर्चा एका पोरीला दुःखाचा दिसला आणि एका पोराला भीतीचा.

क्रांती_चौक
@मिलिंदनगर हे मला तेव्हा कळलं नव्हतं. आता मुलगी मोठी झालीये, तिला तुमचा प्रतिसाद वाचायला देणार आहे.

अ‍ॅडमिन_नव्हे
इथून पुढे आरक्षणावर घसरू नये ही नम्र विनंती, टेकडी बिचारी वाट बघतेय.

राईनकाठचा
जर्मनीतून. इथे "किडिकल मास" म्हणून मुलांचीच सायकल-फेरी असते, मागणी एकच, आम्हाला शाळेत सायकलनं सुरक्षित जाता यावं असे रस्ते द्या. पुढे-मागे पोलिसांच्या गाड्या आणि मधे घंट्या वाजवणारी शेकडो पोरं, कोणाला पायडल मारता येतंय कोणाला नाही. आमचा पाच वर्षांचा जातो. त्याला मागणी समजावून सांगावी लागली नाही कारण गेल्याच महिन्यात ट्रकला घाबरून तो फुटपाथवर आपटला होता. गोरेगावच्या माईंचं रॉकेल आणि आमची सायकल सारखीच म्हणायची. शुक्रवारच्या हवामान-मोर्चांना मात्र नेणं बंद केलं. तिथे "भविष्यच नाही" छापाचे बोर्ड असतात आणि ह्याला नुकतं वाचता यायला लागलंय.

म्हापशेकार
गोंयांतसून. मोले जंगलातल्या प्रकल्पांच्या विरोधात नोव्हेंबर २०२० मधे चांदरला रात्री लोक रेल्वे क्रॉसिंगपाशी जमले होते, मेणबत्त्या, गाणी. आम्ही नऊ वर्षांच्या मुलीला नेलं, शेजाऱ्यांची पण मुलं होती, तिला वाटलं फेस्तच आहे. नंतर आयोजकांपैकी काहींवर केसेस घातल्या तेव्हा ती चक्रावली, "गाणी म्हणली म्हणून?" मे २०२२ मधे सुप्रीम कोर्टानं त्या रेल्वे दुपदरीकरणाची वन्यजीव परवानगी रद्द केली ती बातमी तिनं स्वतः वाचून दाखवली मला. पिंपळपान ताईंचं वाचल्यावर आमचं नशीब चांगलं एवढंच म्हणते.

पेठेबाहेरचा_सदाशिव
धागाकर्त्या कुठे आहेत? रविवार होऊन गेला.

टेकडीवाली
आहे आहे. घरी दोघांना ताप (मोर्चामुळे नाही, सासूबाईंना वाटतं मोर्चामुळेच). सगळे प्रतिसाद वाचले, दोनदा. सगळ्यांना एकेक करून लिहीत नाही, टंकायचा कंटाळा.

नेलं. धाकटा घरी. नवरा शेवटी "तुम्हाला सोडायला" म्हणून आला आणि पूर्ण चालला. दंडावर नंबर, शू करून निघालो, शेवटच्या टोकाला.

घरी उड्या मारणारी पोरगी तिथे गेल्यावर एकदम गप्प. बोर्ड पाठीमागे धरला, कोणाला दिसू देईना. घोषणा एकही दिली नाही. मला विचारते, ते काका कोणावर चिडलेत? मी पिंपळपान यांचं लक्षात ठेवून म्हटलं, चिडलेत असं नाही, सांगायला आलेत. कोणाला? तर तिथे सांगायला समोर कोणी नव्हतंच, रविवारचे बंद शटर. आता हे कसं समजावणार. मग विचारलं, पोलीस आपल्या बाजूचे की त्यांच्या? मी म्हटलं मधे आहेत.

पंधरा मिनिटांत कंटाळली. चौकात कठड्यावर बसलो, चिक्की काढली. तिथे एक कॉन्स्टेबल मॅडम होत्या, त्या वाकून म्हणाल्या, बघू काय लिहिलंय. वाचलं. "मोर पण? बरं." मग म्हणाल्या, आमच्या गावाकडं लई मोर हैत, भुईमूग उकरून खातात, आमचे अण्णा दिवसभर डबा वाजवत हाकलत फिरतात. आणि गेल्या पुढे, ट्रॅफिक अडला होता.

झालं. तिथून घरापर्यंत टेकडी नाही, रस्ता नाही, फक्त मोर. मोर चांगले की वाईट? अण्णा वाईट आहेत का? मग भुईमूग कोणी खायचा? मला काही सांगता आलं नाही. नवरा म्हणाला, बघ, विकास आराखडा कळला हिला. (काका, तुमच्यासाठी.)

झेडपीचा_मास्तर
भुईमूग, हरभरा, सगळं खातात. मारता येत नाही, कायद्यानं संरक्षण आहे. आमच्याकडे बुजगावण्याला जुन्या साड्या नेसवतात, चार दिवस चालतं, मग मोर साडीवरच येऊन बसतो.

खडूस_काका
मत बदललेलं नाही. पण मुलीला विचारा, शेतात डबा वाजवणं आणि माईंनी ताटली वाजवणं, दोन्हीचं ती काय करते. मला उत्तर कळवा.

गोरेगावची_माई
अहो काका, तुम्हीच या पुढच्या वेळी कडेला उभे राहायला. चिक्की आणते मी.

खडूस_काका
गुडघे दुखतात. बघू.

पेठेबाहेरचा_सदाशिव
सगळं ठीक. बोर्डाचं काय झालं?

टेकडीवाली
फ्रिजच्या मागे उभा आहे. तिनं नवीन स्केचपेन आणायला लावलं आणि "मोर पण" पुढे प्रश्नचिन्ह घातलं.

पेठेबाहेरचा_सदाशिव
आणि वेलांटी?

टेकडीवाली
पहिलीच आहे.